कानात बोळे घालून गावाला जाताना

गावाला निघालायत ना? मग आईने सांगितलेलं सामान राहिलं तरी चालेल पण हेडफोन तेवढे विसरू नका. कारण आपल्या कोकणात माणूस दिसला की लोक बोलतात, ओळख पाहिजेच असं काही नाही. कणकवली स्टँडवर बॅग टेकवायचा अवकाश, बाजूचे आजोबा "कोणाचो रे झील तू?" (म्हणजे कोणाचा मुलगा) पासून सुरू करणार, मग खंय असतस, पगार किती, लगीन झाला काय, आणि तुम्ही उत्तरं देऊन दमलात की शेवटी निघणार काय, तर तुमच्या आजीचं माहेर आणि त्यांच्या मेव्हण्याचं घर यांच्यात एकच गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आहे. आता एवढं नातं निघाल्यावर बिस्किटाचा पुडा फोडावा लागतो, नंबर द्यावा लागतो. हे सगळं एका इअरबडच्या डबीत वाचतं.

घेताना नॉइज कॅन्सलेशनवालाच घ्या. त्यात माइक असतो, तो बाहेरचा आवाज पकडतो, आतून त्याच्या बरोब्बर उलटी लाट सोडतो आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. एकसुरी घरघराट असेल तर फार छान चालतं, म्हणजे एसटीचं इंजिन गायब. अचानक आलेला माणसाचा आवाज मात्र त्याला नीट कापता येत नाही, त्यामुळे मागच्या सीटवरच्या काकी थोड्या शिल्लक राहतात. त्यासाठी आवाज वाढवा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की 80 डेसिबलवर आठवड्याला 40 तासांपर्यंत ठीक, पण त्यांनी आपल्या काकी ऐकलेल्या नाहीत.

आता गाडीत बसल्यावर. तुम्हाला जायचंय मालवण तालुक्यातल्या कट्टा गावाला. कंडक्टर येतो, तुम्ही त्याच्याकडे न बघता नोट पुढे करायची आणि गरजेपेक्षा मोठ्याने (स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ना) "कट्टा एक!" म्हणायचं. तो म्हणतो "ही आचऱ्यामार्गे आसा, कट्ट्याक जावची नाय." तुम्ही अंगठा दाखवायचा. तो परत सांगतो, तुम्ही परत अंगठा, सुट्टे राहू देत असा हाताने इशारा. शेवटी तो कपाळाला हात लावून आचऱ्याचं तिकीट फाडतो. ड्रायव्हरपासून शेवटच्या सीटवरच्या टोपलीवाल्या मावशीपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं की हा चुकीच्या गाडीत बसलाय. काकी छत्रीच्या दांड्याने खांद्याला टोचतात, तर तुम्ही सुसंस्कृत माणूस, त्यांना खिडकी हवी असणार असं समजून उठून जागा देता. आचरा तिठ्यावर उतरल्यावर मात्र दोन्ही बड काढायचे, चेहरा गरीब करायचा आणि पहिल्या दिसेल त्याला विचारायचं. तो बिचारा आधी कोणाचो झील विचारणारच, मग मालवणच्या गाडीची वेळ सांगेल, नाहीतर बाइकवरून सोडेलसुद्धा. काम झालं की बड परत कानात.

मागचे लोक साधे होते हो. सोनीने 1979 साली पहिला वॉकमन काढला तेव्हा त्यांच्या साहेबाला, अकिओ मोरितांना, वाटलं की माणसाने चारचौघांत एकट्यानेच गाणी ऐकत बसणं बरं दिसत नाही. म्हणून त्याला हेडफोनची दोन भोकं दिली आणि वर एक नारिंगी बटण, ते दाबलं की गाणं हळू होऊन माइकमधून शेजारच्याशी बोलता यायचं. पुढे ते बटण गेलं. बोलायला यंत्रात बटण द्यावंसं वाटणारा कारखानदार आता मिळायचा नाही.

मान देण्याची पद्धतही शिकून घ्या. रिक्षावाल्यासाठी काहीच काढायचं नाही. काकासाठी एक बड, तोही काढून हातात धरायचा, म्हणजे काकाला कळतं की बोलणं लवकर आवरायचंय. दोन्ही बड फक्त तलाठ्यासाठी. कोळणीसमोर मात्र जपून, "वाटो कितीक?" (माशांचा वाटा केवढ्याला) विचारून उत्तर ऐकलंच नाही तर ती जो आकडा म्हणाली तो तुम्ही मान हलवून मंजूर केलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या बाजारात तुमचा रेट तोच.

कोकण रेल्वेने आलात तर एक अडचण आहे. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटरचा, तिथे रेंज जाते आणि गाणं मध्येच तुटतं. तरी मान डोलावत राहा. समोरच्या बाईंनी नेमका तेव्हाच घावण्यांचा डबा उघडलेला असतो आणि त्या "घे रे बाळा" म्हणत असतात, तुम्हाला स्वच्छ ऐकू येतं, भूकही असते, पण आता घेतलं तर इतका वेळ ऐकू येत होतं हे उघड होईल. उपाशी राहा.

(तेवढ्यात फोनवर फुल आवाजात रील लावणाऱ्या काकांबद्दल मी काही बोलणार नाही. मुंबईत बेस्टने 2023 मध्ये बसमधल्या असल्या स्पीकरबाजीवर बंदी आणली, म्हणून ते सगळे आपल्या गाडीला आलेत असा माझा संशय आहे.)

वाडीत शिरल्यावर सगळ्यात कठीण भाग. पाणंदीत समोरून कोण ना कोण येतंच आणि तोंड हलवतं. त्यासाठी एक ठरावीक उत्तर तयार ठेवा, "हो हो, मस्त, तुमचं?" दहातल्या नऊ वेळा चालून जातं. दहाव्या वेळी समोरचा "आबा गेले रे पहाटे" असं सांगत असतो. तुमचं "मस्त" ऐकून तो दोन पावलं मागे सरकतो, आणि संध्याकाळपर्यंत वाडीत चर्चा दोन, आबांची एक नि तुमची एक, दुसरी जास्त रंगते.

बॅटरी संपली तर घाबरून काढू नका, तसेच कानात राहू द्या. लोकांना वाटतं ह्याला काय ऐकू येणार, आणि मग तुमच्यासमोरच कोणाच्या बागेची मोजणी कोणी अडवली, मुंबईच्या सुनेने गणपतीला यायला का नाही म्हटलं, तुमच्याच बाबांनी कोणाचे पैसे अजून दिलेले नाहीत, सगळं तपशीलवार निघतं. फक्त मध्येच "किती पैसे?" असं विचारू नका.