दुबईला उतरल्यावर त्या अर्ध्या तासाचं काय?

भाऊ, तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची. तुमचं म्हणणं असं की, मी सेइको ५ स्पोर्ट्सच्या जीएमटीला (दोन ठिकाणच्या वेळा दाखवणारं घड्याळ; आतलं यंत्र, म्हणजे मूव्हमेंट, ४आर३४) पसंती दिली, पण ते 'कॉलर' प्रकारचं, म्हणजे त्यात घरची वेळ दाखवणारा २४ तासांचा काटा तेवढा सुटा फिरतो. खरं प्रवासी घड्याळ 'फ्लायर'. मियोटा कंपनीची ९०७५ मूव्हमेंट असलेलं घ्या, विमानातून उतरा आणि सेकंदकाटा न थांबवता मुख्य तासकाटा एकेक तास सरकवा.

बरोबर आहे. फक्त हा हिशेब लंडन-न्यूयॉर्क करणाऱ्यांचा झाला. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढं. इथं १०:४० वाजले की दुबईत ९:१०. आता तुमचा फ्लायर एक तास मागं घ्या, ९:४०. दोन घ्या, ८:४०. ९:१० काही येत नाही! शेवटी किल्ली पूर्ण ओढून, घड्याळ थांबवून मिनिटकाटा हलवावाच लागतो. तो हलवला की २४ तासांचा काटाही सोबत जातो आणि घरची वेळ १०:१० दाखवतो. त्यात अर्धा तास मनात मिळवायचा. कॉलरमध्येही हेच. मग ज्या सोयीसाठी जास्त पैसे मोजायचे, ती संभाजीनगरहून निघणाऱ्याला पहिल्याच टप्प्यावर मिळत नाही. क्लिक नसलेली, कुठंही थांबणारी बेझल (काचेभोवतीची २४ तासांचे आकडे असलेली फिरती कडी) असेल तर ती अर्धं घर सरकवून भागतं. म्हणून मी बेझल आधी बघतो.

तारखेचंही तसंच. ९०७५ मध्ये तारीख तासकाट्याबरोबरच पुढं जाते, वेगळी बदलता येत नाही. पूर्ण चावी ४२ तास पुरते. घड्याळ दहा दिवस कपाटात राहिलं, तर जवळजवळ दोनशे वेळा काटा सरकवत बसा. ४आर३४ मध्ये किल्लीच्या पहिल्या टप्प्यावर एका बाजूला फिरवली की तारीख, दुसऱ्या बाजूला २४ तासांचा काटा. (रात्री नऊ ते एकच्या दरम्यान तारखेला हात लावू नका.)

अचूकतेत मियोटा सरस, हे मान्य. कागदावर दिवसाला -१० ते +३० सेकंद. सेइकोचं -३५ ते +४५, तेही ५ ते ३५ अंश तापमानात. आपला मे महिना त्यात बसत नाही, हा भाग वेगळा.

दुकानात काटे बरोबर बारावर आणून बघा. तासकाटा आणि २४ तासांचा काटा दोन्ही खुणेवर नेमके बसले पाहिजेत. थोडा जरी तिरका वाटला तर दुसरा नग मागा. आणि पैसे देण्याआधी संभाजीनगरच्या गुलमंडीतल्या किंवा नांदेडच्या वजिराबादेतल्या तुमच्या नेहमीच्या घड्याळवाल्याला विचारा, हे उघडाल का? एनएच३४ ही ४आर३४ चीच बाहेरच्या कंपन्यांना विकली जाणारी आवृत्ती, त्यामुळं अख्खी मूव्हमेंट बदलणंही शक्य असतं.

तुमचा मुक्काम दुबईत आणि फेऱ्या लंडन-फ्रँकफर्टच्या असतील, तर फ्लायरच घ्या. तिथं मिनिटकाट्याला हात लावावा लागत नाही.