शमुवेलाच्या मुलांचं काय?

न्यायाचं शिक्षण घरच्या शिस्तीतून आणि आज्ञापालनातून सुरू होतं, हा मुलांना न्याय शिकवण्यावरच्या तुमच्या लेखातला मुद्दा मान्य. पण तेवढ्यावर भागत नाही. बायबलमधल्या शमुवेलाने, इस्राएलाचा न्यायाधीश असूनही, कधी कुणाचा बैल की गाढव घेतलं नाही. त्याचे मुलगे योएल आणि अबीया मात्र बैर-शेबा इथे न्यायाधीश असताना लाच खायला लागले, आणि वैतागलेल्या वडीलधाऱ्यांनी राजा मागितला. एका घरातलं सगळ्या इस्राएलाला भोवलं.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितली आहे. इथे वडगाव शेरीत कितीतरी घरांत कामवाल्या मावशींना पगारासाठी दहा तारीख उलटली तरी "पुढच्या आठवड्यात बघू" ऐकावं लागतं, वर खाडे कापले जातात. मुलं तिथेच अभ्यासाला बसलेली असतात, सगळं ऐकतात. आपल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या घरीही हे चालतं, याचं मला फार वाईट वाटतं.

बायबलच्या लेवीय पुस्तकातलं १९:१५ हे वचन भावंडांच्या भांडणात जरूर लावून बघा: गरिबाची बाजू घेऊ नका, थोराची भीड धरू नका. धाकटा रडला म्हणून थोरल्याला रट्टा नको, आधी दोघांचं ऐका.

आणि पुण्यात बसून या विषयावर लिहिताना पंडिता रमाबाई कशा सुटल्या? १८९० मध्ये विधवांसाठीचं त्यांचं शारदा सदन पुण्यात आलं, पुढे दुष्काळातल्या मुलींना त्यांनी केडगावला आसरा दिला. लेक मनोरमाही त्याच कामात उतरली. पुढच्या भागात त्यांच्यावर नक्की लिहा.