माकडाच्या हाती कोलीत, म्हणे!

दहावी-बारावीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: 'सिंथेटिक बायोलॉजी म्हणजे जिवाणूंच्या जनुकांशी खेळ. शाळकरी पोरांना त्याचा नाद लावणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. उद्या कोणी घरात विषाणू बनवेल. हे पीएचडीवाल्यांचं काम. त्याला कोट्यवधींची लॅब लागते, हे परदेशी फॅड आहे, आणि नीटला उपयोग शून्य.' खाली 'जास्तीत जास्त शेअर करा' आहेच. मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवतो, त्यामुळे तो मला चहूबाजूंनी आला. सिंथेटिक बायोलॉजी म्हणजे सजीवांच्या जनुकांत ठरवून बदल करून त्यांच्याकडून हवं ते काम करून घेणं. आता एकेक मुद्दा घेऊ.

'घरात विषाणू बनवेल.' शिकण्यासाठी वापरतात तो जिवाणू म्हणजे ई. कोलायचा के-१२ हा वाण. १९२२ साली एका रुग्णाच्या विष्ठेतून वेगळा केलेला आणि तेव्हापासून प्रयोगशाळेतच पोसलेला. इतक्या वर्षांत तो असा लाडावलाय की माणसाच्या आतड्यात त्याचा धड निभावही लागत नाही. त्यात एखादं निरुपद्रवी जनुक घालता येणं आणि विषाणू घडवता येणं, यात कित्येक वर्षांच्या शिक्षणाचं आणि साधनांचं अंतर आहे.

तरी या मुद्द्यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांवरचं काम आपल्याकडे १९८९ च्या नियमांखाली येतं आणि त्यासाठी संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते. शाळांकडे ती सहसा नसते. तेव्हा जनुकं बदलायचं किट ऑनलाइन मागवून स्वयंपाकघरात प्रयोग मांडणं साफ चूक. २०१७ मध्ये जर्मनीत, बव्हेरियात, अमेरिकेहून आलेल्या अशा घरगुती किटमध्ये रोगकारक जिवाणू सापडले होते. जिवंत जिवाणूत बदल करायचाच असेल तर समिती असलेल्या कॉलेजात किंवा संशोधन संस्थेत, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. पण यातून 'नियमात राहून शिकवा' एवढंच निघतं. 'नावच काढू नका' कुठून आलं? असलं किट मागवणारा मुलगा बहुधा तोच, ज्याला यातलं कोणी काही सांगितलेलं नसतं.

'पीएचडीवाल्यांचं काम.' २००६ साली एमआयटीत पदवीच्या मुलांनी आयजेम या सिंथेटिक बायोलॉजीच्या स्पर्धेसाठी ई. कोलायला केळ्याचा वास आणला. ई. कोलाय वाढवलेल्या फ्लास्कला मुळात घाण वास येतो, इंडोल नावाच्या रसायनामुळे. म्हणून पोरांनी आधी इंडोल न बनवणारा वाण घेतला. मग यीस्टमधलं एक जनुक त्यात घातलं. त्या जनुकापासून बनणारं विकर (एन्झाइम) आयसोअमाइल अल्कोहोलपासून केळ्याच्या वासाचं संयुग बनवतं. एमआयटीत शिकवणाऱ्या नॅटली कुल्डेल यांच्या बायोबिल्डर या शैक्षणिक उपक्रमामुळे हाच प्रयोग पुढे अमेरिकेतल्या शाळांत गेला. मुलं जनुकांच्या वेगवेगळ्या रचना ताडून बघतात: जिवाणू वाढत असताना कुठली रचना जास्त वास देते? मोजायचं यंत्र म्हणजे नाक. एक म्हणतो येतोय, दुसरी म्हणते छे, काहीच नाही. मग केळ्याच्या अर्काची कमी-जास्त तीव्रतेची द्रावणं बाजूला ठेवून त्यांच्याशी तुलना करायची. नाकाची साक्ष कितपत धरायची, यावर पंधरा वर्षांची मुलं तावातावाने भांडू शकतात. पीएचडी झालेलेही भांडतातच.

'कोट्यवधींची लॅब.' आयजेमची फी हजारो डॉलरच्या घरात जाते, हे खरं. जिल्हा परिषदेच्या शाळेला तो रस्ता बंदच आहे. पण स्पर्धा म्हणजे विषय नव्हे. कांद्यातून किंवा पपईतून डीएनए काढायला भांड्यांचा साबण, मीठ आणि थंडगार अल्कोहोल पुरतं. त्याहून मला आवडतो तो बिनखर्चाचा उद्योग. बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात पीबीआर३२२ या प्लाझ्मिडची, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या एका छोट्या स्वतंत्र रेणूची, आकृती आहे. ईकोआरवन हे विकर जीएएटीटीसी ही अक्षरं (डीएनएचे घटक असे अक्षरांनी लिहितात) दिसली की डीएनए कापतं, आणि या प्लाझ्मिडवर अशी जागा एकच. प्लाझ्मिडची ४,३६१ अक्षरांची पूर्ण माळ जेनबँक या ऑनलाइन जनुकसाठ्यात फुकट मिळते. मुलांना सांगायचं, ती उतरवून घ्या, ओळी जोडा आणि ती जागा शोधा. सापडत नाही! पुस्तक चुकलं की आपण? पुन्हा शोधतात, पुन्हा शून्य. शेवटी कोणाच्या तरी लक्षात येतं की माळ टीटीसीने सुरू होते आणि जीएएने संपते. प्लाझ्मिड गोल असतं, टोकं जोडली की जागा हजर. आकृतीतलं वर्तुळ तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच असतं.

'परदेशी फॅड.' हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने हिपॅटायटिस-बीची लस, त्या विषाणूचं जनुक यीस्टमध्ये घालून, यीस्टकडून बनवून घेतली आणि १९९७ मध्ये बाजारात आणली. परदेशीपणाबद्दल एवढं पुरे.

'नीटला उपयोग शून्य.' अभ्यासक्रमात बायोटेक्नॉलॉजीची दोन अख्खी प्रकरणं आहेत, त्यामुळे शून्य तरी नाही. पण माळेतली जागा न शोधता, नुसती आकृती घोकूनही गुण मिळतात, हे मान्य. म्हणून परीक्षा तोंडावर असताना मीही हा उद्योग कोणाला सांगत नाही. अकरावीची परीक्षा संपली की मेच्या सुट्टीत सांगतो.