असईमुळे कुणी ‘ड्यूक’ झालं नाही

‘असईत मराठ्यांना हरवलं म्हणून आर्थर वेलस्लीला ड्यूक ऑफ वेलिंग्टन केलं’ असा मेसेज सगळीकडे फिरतोय. तो चुकीचा आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईजवळ शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध हा इंग्रज सेनापती जिंकला, हे खरं. पण हिंदुस्थानातल्या कामगिरीबद्दल १८०४ मध्ये त्याला मिळाला फक्त ‘नाइट ऑफ द बाथ’ हा किताब. तो वारशाने मुलाकडे जात नाही, ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्सच्या सभागृहात जागाही देत नाही. खरी सरदारकी आली स्पेनमधल्या लढायांतून: १८०९ मध्ये तालाव्हेरानंतर व्हायकाउंट, १८१२ मध्ये आधी अर्ल, मग मार्क्विस. ड्यूक हा सर्वांत वरचा दर्जा मे १८१४ मधला, नेपोलियनने गादी सोडल्यावरचा. म्हणजे नेपोलियनला कायमचं हरवणाऱ्या १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईच्याही आधीचा! असईचा इतिहास जरूर सांगा, पण तारखा तपासून.