‘बाप गेल्यावर नाचता कसे?’ या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘आई-वडील गेल्याचं दुःख नाचून हलकं होत नसतं. डान्स थेरपी म्हणजे दुःखापासून पळ काढायची फॅशन, तिला शास्त्रीय आधार नाही. बोला, रडा, वर्षभरात माणूस सावरतो.’ मला तो तिघांनी पाठवला, तिघांनीही काळजीपोटी. वडील गेल्यावर मी या थेरपीला जात होते, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

सगळा घोळ ‘नाच’ या शब्दाने केलाय. डान्स थेरपी म्हणजे शरीराच्या हालचालींच्या आधाराने मनावर केलेला उपचार. तिथे गाणं लावून कुणी ठेका धरायला सांगत नाही. कित्येकदा खुर्चीत बसून नुसता श्वास आणि खांदे, एवढंच असतं. मॅरियन चेस या नर्तिकेने १९४२ मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात हे काम सुरू केलं. तिच्यासमोर अशीही माणसं होती ज्यांच्याशी शब्दांनी संवाद होत नव्हता. कुणी जागच्या जागी झुलत असेल, तर ती त्याच लयीत त्याच्यासोबत झुलायची. तिथून बोलणं सुरू व्हायचं. यात आनंदोत्सव कुठे आला?

शास्त्रीय आधाराचं म्हणाल, तर पुरावा तोकडा आहे हे मी मान्य करते. नैराश्यासाठी ही थेरपी कितपत उपयोगी, याचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये आढावा घेतला. त्यात बसणारे अभ्यास निघाले फक्त ३, माणसं १४७. त्यावरून ठाम काही सांगता येत नाही, असाच निष्कर्ष निघाला. शिवाय नैराश्य वेगळं, शोक वेगळा. त्यामुळे ‘हमखास गुण येतो’ म्हणणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका. पण पुरावा कमी आहे म्हणजे उपचार खोटा ठरला, असं होत नाही.

‘वर्षभरात सावरतो’ हे कुणी ठरवलं? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १२ महिन्यांचा उल्लेख आहे, पण तो प्रौढांमधल्या अतितीव्र, लांबलेल्या शोकाच्या निदानासाठी. त्याआधी ते निदान करू नये, एवढाच त्याचा अर्थ. ती सावरण्याची मुदत नव्हे. जगणंच नकोसं वाटत असेल, तर मात्र कसलीही वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांना गाठा.

राहिला पळ काढण्याचा आरोप. तो मला सगळ्यात जास्त लागला.

शेवटचे आठ महिने बाबा अंथरुणाला खिळून होते. त्यांना उठवून बसवायचं काम माझं. एक गुडघा पलंगावर टेकवायचा, दोन्ही हात त्यांच्या काखेतून पाठीमागे न्यायचे, त्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर, आणि ‘एक, दोन, तीन’. ते गेल्यावर मी येईल त्याच्याशी बोलत होते. आजाराची हकिगत तारीखवार, न अडखळता सांगायचे. डोळे कोरडे ठणठणीत. एका सत्रात थेरपिस्ट म्हणाल्या, ‘तुमचे हात सारखे पुढे येतायत. ही हालचाल पूर्ण करून बघता का? सावकाश.’

मी गुडघा टेकवला. हात पुढे नेले. मनात तीन म्हटलं आणि उचललं. कंबर सवयीने ताठ झाली होती, पाय रोवले होते, आणि हात भसकन वर आले. त्यांत वजनच नव्हतं. बाबा नाहीत हे मला तेव्हा कळलं, ते जाऊन चार महिने झाल्यावर.

मला पळायचं असतं तर गप्पा पुरेशा होत्या. आणि समजा, एखाद्या दिवशी थोडा वेळ सगळं विसरायला झालंच, तर त्यात अपराध नाही. श्ट्रोब आणि श्यूट या संशोधकांनी १९९९ मध्ये हेच मांडलं: शोकातला माणूस कधी दुःखाला भिडतो, कधी त्यातून बाहेर येऊन रोजचं जगणं हाताळतो. ही ये-जा सुरूच असते आणि सावरायला ती लागते.

‘बोला, रडा’ म्हणता ना? त्या दिवशी सत्राचा उरलेला वेळ मी जमिनीवर बसून होते. थेरपिस्ट समोर. बाबांबद्दल मी रडत रडत पहिल्यांदा बोलले ते तिथे, आणि त्यात आजाराचा विषयसुद्धा निघाला नाही.