जिम रीव्ह्जच्या तबकडीत फिडल कुठे आहे, काका?

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, राग आला, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. काल पुन्हा वाचली तेव्हा राग निम्म्यावर आला होता. आज लिहितोय. सही तुम्ही ‘एक जुना श्रोता’ अशी केली आहे आणि वय 72 असं तुम्हीच सांगितलंय, म्हणून काका म्हणतो. चालवून घ्या.

इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की अमेरिकेतलं कंट्री संगीत दर वीसेक वर्षांनी ‘मेलं’ असं जाहीर होतं आणि तरी चालू राहतं. ‘अस्सल जुनं’ आणि ‘बिघडलेलं नवं’ या भांडणात फारसा दम नाही. त्यावर काकांचं म्हणणं असं की फिडल (म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) आणि स्टील गिटार (आडवी ठेवून, तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवायची ती) नसेल तर ते कंट्रीच नव्हे, ते काउबॉय टोपी घातलेलं पॉप. ग्रॅमीवाल्यांनीही आता पारंपरिक आणि आधुनिक अशी वेगळी पारितोषिकं केली, म्हणजे फरक आहे हे त्यांनीही मान्य केलं. शिवाय ‘ओप्रीवर (म्हणजे ‘ग्रँड ओल ओप्री’ या कंट्रीच्या रेडिओ कार्यक्रमात) ड्रम्स पहिल्यापासून होते’ हे माझं वाक्य धादांत खोटं आहे. आणि शेवटचा टोला: “आम्ही रविवारी सकाळी रेकॉर्डवर जिम रीव्ह्ज ऐकत वाढलो. पुण्यात बसून आम्हाला अस्सल कंट्री शिकवू नका.”

ड्रम्सचं आधी संपवतो, कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवरचा हा कार्यक्रम 1925 साली सुरू झाला आणि त्यानंतर कित्येक दशकं त्या रंगमंचावर पूर्ण ड्रमसेट चालत नसे. मी ध्वनिमुद्रणांबद्दल वाचलेलं ओप्रीच्या खात्यावर टाकलं. चूक माझी. मूळ लेखातलं वाक्य बदललंय आणि खाली तशी नोंदही केली आहे.

आता तुमचे कंट्री गायक जिम रीव्ह्ज. आमच्याही घरी होते हो ते. वडिलांच्या ऑफिसातले एक गोव्याचे गृहस्थ नाताळात त्यांची तबकडी घेऊन यायचे आणि परत नेताना दहादा पुसायचे. आपल्याकडे इंग्रजी गाणी न ऐकणाऱ्या घरांतही हा एक माणूस पोहोचला होता. पण काका, ‘ही’ल हॅव टू गो’ आज पुन्हा लावा आणि फक्त साथ ऐका. पियानो आहे. व्हायब्राफोनचे थेंब आहेत. मागे गुणगुणणारा कोरस आहे. फिडल नाही. स्टील गिटार नाही.

ती अनवधानाने राहिलेली नाही, काढलेली आहे. 1953 सालचा ‘मेक्सिकन जो’ गाणारा रीव्ह्ज मोकळ्या आवाजात, गावच्या जत्रेत गावं तसा गातो. पुढच्या चार-पाच वर्षांत तो मायक्रोफोनला जवळजवळ ओठ टेकवून, खालच्या पट्टीत गायला लागला आणि निर्माते चेट ॲटकिन्स यांनी त्याच्याभोवतीचा कोलाहल साफ केला. शहरातल्या, रॉक अँड रोल ऐकणाऱ्या गिऱ्हाइकाला कंट्री विकायचं तर त्यातला गावंढळपणा धुऊन काढायचा, हा तेव्हाचा हिशेब. त्यालाच पुढे ‘नॅशव्हिल साउंड’ म्हणू लागले. हा नॅशव्हिल साउंड म्हणजे नेमकं काय, असं विचारल्यावर ॲटकिन्स खिशातली चिल्लर खुळखुळवायचे, अशी गोष्ट सांगतात. म्हणजे तुम्ही ज्याला अस्सल म्हणता, ते 1960 साली ‘टोपी काढलेलं पॉप’ होतं. तेव्हाच्या जुन्या श्रोत्यांनी त्याच्यावर केलेली तक्रार आणि तुमची आजची तक्रार शेजारी ठेवली तर कोणती कोणाची ते ओळखू येणार नाही.

हे तुम्हाला गप्प बसवायला लिहीत नाही. मलाही रीव्ह्ज आवडतात. पण मग वाद्यांची यादी तपासून कंट्री ओळखता येत नाही, एवढं तरी मान्य करा.

तशी ती यादीही बघण्यासारखी आहे. बॅन्जोचं मूळ आफ्रिकेत. गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी ते वाद्य तिकडे रुजवलं. स्टील गिटार हवाई बेटांवरून आली. तिला पेडल जोडून तारा वाजता वाजता ओढायच्या, ती रडवेली हाक काढायची, ही युक्ती कंट्रीत गाजली 1954 साली, वेब पियर्सच्या ‘स्लोली’मध्ये बड आयझॅक्सने वाजवली तेव्हा. म्हणजे ‘परंपरेचा आत्मा’ रेडिओवरच्या ओप्रीपेक्षाही जवळजवळ तीस वर्षांनी लहान आहे. तीच हवाईयन गिटार आपल्याकडेही आली. तिच्यावर सिनेमाची गाणी वाजली आणि ब्रिजभूषण काबरांनी तर आडवी ठेवून राग वाजवले. आपण तिला परकी म्हणायचं कधीच सोडून दिलं.

कपड्यांचं तर विचारूच नका. ओप्रीचा पहिला सूत्रधार जॉर्ज डी. हे (आडनावच ‘हे’), त्याच्याकडे डॉक्टर हम्फ्री बेट नावाचे गृहस्थ वाजवायला यायचे. खरेखुरे डॉक्टर, सुटाबुटातले. जॉर्जसाहेबांनी त्यांच्या वाद्यवृंदाचं बारसं केलं ‘पॉसम हंटर्स’, म्हणजे पॉसम नावाचा प्राणी मारत हिंडणारे रानटी गडी, आणि कलाकारांना शेतकऱ्याच्या डगळ्या पोशाखात फोटोला उभं केलं. श्रोत्यांना खेडूत हवे होते, म्हणून खेडूत तयार केले. पुढे चमकणाऱ्या खड्यांचे, नक्षीचे सूट आले. ते शिवणारा न्यूडी कोन हा मूळचा कीव्हचा, स्थलांतरित ज्यू शिंपी, आणि त्याचं दुकान हॉलीवुडजवळ. आज तो सूट घालून कोणी रंगमंचावर आला की लोक म्हणतात, वा, काय परंपरा जपलीय!

एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचा बक ओवेन्स. आज पारंपरिक कंट्रीची बाजू घेणारे त्याचं नाव पहिल्या पाचांत घेतात. त्याने 1965 साली वर्तमानपत्रात चक्क प्रतिज्ञा छापली: कंट्री नसलेलं एकही गाणं मी गाणार नाही, कंट्री नसलेली रेकॉर्ड काढणार नाही. त्याच सुमाराला आलेल्या त्याच्या अल्बममध्ये रॉक अँड रोलवाल्या चक बेरीचं ‘मेम्फिस’ होतं. लोकांनी विचारलं तर म्हणाला, ते कंट्रीच आहे. त्याच्या बँडमध्ये ड्रम्स होते आणि कानात घुसणारी टेलिकास्टर इलेक्ट्रिक गिटारही होती, हे तर सोडाच.

आता ज्या मुद्द्यावर मी मागच्या लेखात कमी पडलो, तिथे येतो. तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य आहे: “हल्लीचे गाताना थांबत नाहीत.” बाकी सगळ्या रागाच्या मधोमध हे वाक्य बसलंय आणि माझ्या मते सगळ्यात खरं तेच आहे.

मी 2018 साली भावाकडे अटलांटाला गेलो होतो, तिथून गाडीने चार तासांवर नॅशव्हिल. (घरी सांगितलं, कंट्रीसाठी चाललोय. आईने काळजीने विचारलं, तिकडे पण मिळते? आपल्याकडे ‘कंट्री’ म्हटल्यावर दुसरं काय डोळ्यांसमोर येणार.) ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना बार आणि प्रत्येकात भर दुपारी बँड. चार-चार तासांच्या पाळ्या, पुढ्यात बक्षिशीची बादली. मी एका अरुंद जागेत शिरलो. गायक पन्नाशीचा. कोणीतरी चिठ्ठीवर फर्माईश दिली. बँडमधल्या पोरसवदा गिटारवाल्याला ते गाणं येत नव्हतं. गायकाने गाता गाताच डावा हात पाठीमागे नेला आणि बोटं दाखवायला लागला. एक. चार. एक. पाच. नॅशव्हिलमध्ये स्वरमेळांना असे आकडे देतात. षड्ज कुठलाही धरा, आकडे तेच. आपल्याला हे सांगावं लागत नाही, काळी दोन असो की पांढरी चार, सा तो साच.

तिसऱ्या कडव्यात तो एका शब्दावर थांबला. बोटं वर येईनात. बँड ‘एक’वर घुटमळत राहिला, ड्रमर झांजेवर नुसती काडी फिरवत होता. याने तो शब्द आधी खालून घेतला, मग वर ओढला, मग सोडून दिला आणि पुढची ओळ जवळजवळ बोललाच. मग पाठीमागे चार बोटं. बँड सुटला. आपण ज्याला ‘जागा’ म्हणतो ना काका, ती त्याने घेतली आणि बाकीच्यांनी ती त्याला घेऊ दिली.

त्याच संध्याकाळी, दोन चौक सोडून, मोठ्या पडद्यांच्या आणि दिव्यांच्या जागी दुसरा बँड ऐकला. त्यात फिडल होतं. स्टील गिटार होती. टोपीही होती. पण सगळ्यांच्या कानांत यंत्राची टिकटिक, दिवे तिच्यावर बांधलेले, मागचा कोरस आधीच भरून ठेवलेला. गायकाला एखाद्या शब्दावर थांबावंसं वाटलं असतं तरी कोरस त्याच्याशिवाय पुढे निघून गेला असता. वाद्यांच्या यादीत तो पास आणि कानाला नापास.

म्हणून मला वाटतं, हरवतंय ते फिडल नव्हे, ती ढिलाई आहे. कंट्री गायक जॉर्ज जोन्सचं ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ घ्या, 1980 सालचं. सगळ्यात अस्सल कंट्री गाणं कोणतं असं विचारलं की बरेच जण हेच सांगतात. निर्माता बिली शेरिल, म्हणजे व्हायोलिनांचा ताफा आहे, उंच जाणारा स्त्रीचा आवाज आहे. पॉप म्हणून नाकं मुरडावीत असा सगळा सरंजाम. शिवाय जोन्सला गाणं फारच मयताचं वाटलं होतं आणि शेरिल सांगायचा की हा सारखी दुसऱ्याच गाण्याची चाल गायचा. पण ऐकताना काय होतं? मरेपर्यंत प्रेम करीन म्हणणाऱ्या माणसाची गोष्ट तो शांतपणे सांगत जातो. दोन कडवी झाली तरी ध्रुवपद येत नाही, कारण तो माणूस अजून जिवंत आहे. तो मेल्यावरच ध्रुवपद येतं. आणि नंतर ती अंत्यविधीला येते, तेव्हा जोन्स गायचं थांबून बोलायला लागतो. दात जवळजवळ मिटलेले, आणि एकेका स्वरावरून दुसऱ्यावर मींडेने उतरणं. व्हायोलिनं कितीही असोत, त्याच्यासाठी वाट मोकळी आहे.

त्याच जोन्सला 1999 च्या सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) पुरस्कारांत ‘चॉइसेस’ हे गाणं कापून, थोडक्यात म्हणायला सांगितलं. तो आलाच नाही. दुसरा कंट्री गायक ॲलन जॅक्सन मात्र आला, स्वतःचं गाणं सुरू केलं, मध्येच थांबवलं, ‘चॉइसेस’चं ध्रुवपद गायला आणि रंगमंचावरून निघून गेला. तुम्ही या प्रसंगाचा दाखला ‘नव्यांनी जुन्यांना हाकललं’ म्हणून दिला आहे. मी तो असा वाचतो: भांडण गाण्याच्या वेळेचं होतं. म्हातारा म्हणाला, पुरतं गाऊ देणार असाल तर येतो.

आणि म्हणूनच मला हल्लीचा कंट्री गायक ख्रिस स्टेपलटन याच्याबद्दल तुमचं मत पटत नाही. ‘टेनेसी व्हिस्की’ हे गाणं 1981 साली डेव्हिड ॲलन कोने गायलं, 1983 साली जोन्सने, आणि 2015 साली स्टेपलटनने. जोन्सचं चारचौघांसारखं कंट्री चालीत जातं. स्टेपलटनने ते झुलत्या, संथ ब्लूजमध्ये नेलं. सोल गायिका एटा जेम्सच्या जुन्या गाण्याची आठवण यावी असं. स्वरमेळ जेमतेम दोन. तुम्ही म्हणता ही कृष्णवर्णीयांच्या सोल गाण्याची उसनवारी. आहेच. पण दोनच स्वरमेळ ठेवल्यावर गायकाला काय मिळतं बघा: प्रत्येक ओळीच्या शेवटी मोकळं मैदान. त्यात तो शब्द वाकवतो, फाटू देतो, मागे रेंगाळतो. त्या वर्षीच्या सीएमएमध्ये तो जस्टिन टिंबरलेकबरोबर हे गायला. पॉपवाला शेजारी उभा, फिडलचा पत्ता नाही, आणि मला सगळा वेळ जोन्स आठवत होता.

राहिली ग्रॅमी. 2025 च्या फेब्रुवारीत पॉपस्टार बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला सर्वोत्तम कंट्री अल्बमचं पारितोषिक मिळालं आणि जूनमध्ये विभागणी जाहीर झाली. त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावला. मला गंमत वाटली ती वेगळीच. असलेल्या पारितोषिकाचं नाव बदलून ‘समकालीन’ केलं आणि ‘पारंपरिक’ हे नवीन काढलं. पारंपरिकच वयाने लहान! आणि त्याच्या व्याख्येत जी वाद्यं दिली आहेत, त्यात फिडल-बॅन्जोच्या पंक्तीला इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सही बसलेत. ओप्रीच्या जुन्या व्यवस्थापकांनी हे वाचलं असतं तर तुमच्यापेक्षा लांब प्रतिक्रिया लिहिली असती.

पुण्यात बसून लिहितो, हे खरं. तुम्ही तरी कुठे टेनेसीत वाढलात? रविवारी सकाळी म्हणताय म्हणजे घर मुंबईतलं असणार, आणि रेकॉर्ड बहुधा शेजाऱ्यांची. खरं की नाही ते कळवा. तबकडी अजून वाजण्याजोगी असेल तर ‘मेक्सिकन जो’ आणि ‘ही’ल हॅव टू गो’ पाठोपाठ लावा, आणि त्यातला कोणता रीव्ह्ज तुमचा, तेही लिहा. माझ्या वडिलांचं उत्तर मला माहीत आहे: त्यांना दुसराच हवा असायचा, आणि पहिलं लागलं की ते उठून सुई उचलायचे.