वाटणी एका डॉलरची

हिचे मामा गेले आणि आमच्या वाट्याला अर्धा डॉलर आला. मामांच्या कपाटात एका पाकिटात एकच नाणं निघालं, सोबत त्यांच्या किरट्या अक्षरातली चिठ्ठी : ‘सुनंदा आणि विजू, दोघं समान वाटून घ्या.’ सुनंदा म्हणजे ही, मुक्काम मिसिसागा. विजू म्हणजे माझा मेहुणा, मुक्काम कोल्हापूर. मामांना मूलबाळ नव्हतं, खोड्या काढायची हौस मात्र होती.

डॉलर म्हणजे साधासुधा नव्हे. कॅनडाचा 1948 चा चांदीचा. एका बाजूला सहावे जॉर्ज, दुसऱ्या बाजूला होडी वल्हवणारे दोघे. मामा 1968 साली टोरंटोला आले, पुढे कधीतरी पैसे साठवून त्यांनी तो घेतला, आणि का घेतला हे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते जेवायला वाढायच्या आधी ऐकवत. तोवरच्या नाण्यांवर राजाच्या नावापुढे लॅटिनमध्ये ‘हिंदुस्थानचा सम्राट’ अशा अर्थाची अक्षरं असायची. 1947 मध्ये आपण स्वतंत्र झालो, तशी ती काढणं भाग पडलं. नवे ठसे लंडनहून यायचे होते. ते येईपर्यंत ओटावाच्या टांकसाळीने 1947 च्याच सालाशेजारी मेपलचं इवलंसं पान टाकून वेळ मारून नेली. नवे ठसे पोचले तेव्हा 1948 सरत आलं होतं, त्यामुळे त्या सालाचे डॉलर पडले अवघे 18,780. मामांचे वडील कुंडलला इंग्रजांशी लढणाऱ्या प्रतिसरकारच्या माणसांना भाकऱ्या पोचवायचे. ‘म्हणजे हा डॉलर दुर्मीळ होण्यात आमच्या घरच्या भाकरीचाही हात आहे,’ असं म्हणून मामा ताट पुढे ओढत.

आता नाण्याचे काही दोन तुकडे करता येत नाहीत. तेव्हा त्याची किंमत काढायची आणि अर्धे पैसे विजूला पाठवायचे असं ठरलं. किंमत काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी जावई आहे आणि मला एक्सेल येतं.

नाण्याची परीक्षा आधीच झालेली होती. नाणी तपासून गुण देणाऱ्या टोरंटोच्या आयसीसीएस या संस्थेने ते मऊ प्लॅस्टिकच्या दुहेरी पाकिटात घालून बाजूच्या कप्प्यात कार्ड ठेवलं होतं : एयू-55, एयू म्हणजे जवळपास न वापरलेलं. मी म्हटलं, वा, हायर सेकंड क्लास, हिच्या घराण्याला साजेसा. मग कळलं की हे गुण 70 पैकी असतात. साठ आणि त्यापुढे फक्त ती नाणी, जी टांकसाळीतून निघून कधी कुणाच्या खिशात गेलीच नाहीत. आयुष्यात काहीही न केल्याबद्दल फर्स्ट क्लास. आमचा डॉलर बिचारा थोडासा हिंडला होता, राजाच्या कानावरचे केस किंचित झिजले होते, तेवढ्याने गुण कापलेले.

पहिल्या रात्री ऑनलाइन पाहिलं. एकाने अगदी असाच डॉलर 2,400 ला लावला होता. मी हुरळून विजूला स्क्रीनशॉट पाठवला. पाच मिनिटांत त्याने रुपयांत गुणाकार करून, दोनाने भागून, बाथरूमच्या टाइल्स बदलायचं पक्कं केलं.

दुसऱ्या रात्री अक्कल आली. तो मागितलेला भाव होता. मिळालेला भाव वेगळा शोधावा लागतो. खुद्द विजूचा कळंब्यातला प्लॉट गेली चार वर्षं त्याने सांगितलेल्या भावाला विकायचा आहे, म्हणून त्याला हा फरक समजावणं सोपं जाईल असं मला वाटलं. नाही गेलं. खरोखर विकल्या गेलेल्या 55 वाल्यांचे मला तीन आकडे सापडले : 1,050, 1,300 आणि 1,420. गुण तेच, साल तेच, राजाही तोच. त्यातला एक डॉलर दुसऱ्या संस्थेच्या कडक डबीत होता, आणि मऊ पाकिटातले 55 भारी की कडक डबीतले, यावर लोक आपल्याकडे आंब्यावरून भांडतात तसे भांडतात. एक आकडा लिलावातला होता. तिथे हातोडा पडतो त्या भावावर घेणारा वीसेक टक्के जास्त भरतो आणि विकणाऱ्याच्या हातात त्याहून कमी पडतात. माझ्या एक्सेलमध्ये आता अकरा कॉलम झाले होते आणि बेरीज कशाचीच येत नव्हती.

शेवटी सुट्टी टाकून नाण्यांच्या एका दुकानात गेलो. बरोबर मामांचा आणखी एक सुटा डॉलरही नेला, 1949 चा, जहाजाचं चित्र असलेला. म्हाताऱ्या दुकानदाराने आधी तोच उचलला. भिंगसुद्धा घेतलं नाही. ‘घासलाय,’ म्हणाला. गेल्या दिवाळीत सासूबाईंनी तो देवाच्या उपकरण्यांबरोबर टूथपेस्टने लख्ख केला होता. त्याने तो सरळ तराजूत टाकला आणि चांदीचा भाव सांगितला.

मग 1948 चा. भिंग डोळ्याला लावून, पाकीट दिव्याखाली तिरपं करत, हळूहळू फिरवत तो बराच वेळ बघत राहिला. मी श्वास रोखून. जणू मुलीचा रिपोर्ट आणायला आलो होतो.

‘विकायचाय, विमा काढायचाय की वाटणी?’

‘आकडा वेगवेगळा असतो?’

‘अर्थात.’ त्याने एका जुन्या पावतीच्या पाठीवर लिहिलं : विमा 1,600. बाजारभाव 1,200. आणि खाली रेघ मारून, मी घेतला तर 900.

‘अहो, नाणं एकच आहे.’

‘नाणं एकच आहे. काउंटरला बाजू दोन आहेत.’ पाकीट परत देताना हळहळून म्हणाला, ‘58 असता तर आणखी तीनशे सहज.’

घरी येऊन विजूला फोन लावला.

‘दाजी, एक काय तो आकडा सांगा की. तीन-तीन काय लावलंय?’

मी काउंटरच्या दोन बाजू समजावल्या.

‘ऱ्हाऊ द्या. मी हुपरीच्या चांदीवाल्या दोस्ताला विचारलंय. तो म्हणतोय चांदी 80 टक्के, म्हणजे 18 ग्रॅमच्या जरा वर. बारक्या पोरीचे वाळे हुतील म्हणे. तुम्ही हजार-बाराशे डॉलर सांगताय. मग मधलं कशाचं?’

‘मधलं 1947 चं.’

पलीकडे जरा शांतता. ‘त्यात पण माझं निम्मं का?’

खरी पंचाईत पुढेच होती. पैसे आम्ही देणार, म्हणजे आम्ही घेणारे. मी 900 म्हटलं की ही म्हणायची, माझ्या भावाला लुबाडताय. 1,600 म्हटलं की ही म्हणायची, एवढे आहेत कुठे. 1,200 वर बहीणभाऊ दोघं गप्प बसायची, आणि ते मला जास्त भीतीदायक वाटायचं. आठवडाभर आमच्या घरात मीठ मागायलासुद्धा लोक आकड्यात बोलत होते.

रविवारी विजूचाच फोन आला. ‘दाजी, पैसे नकोत. मामाची आठवण हाय, तुमच्याकडंच असू द्या.’ माझा गळा दाटून आला. ‘फकस्त दर दिवाळीला भाव तेवढा काढून सांगत जावा. माझं निम्मं किती झालं ते कळाय पायजे.’

ही दिवाळी पहिलीच. लक्ष्मीपूजनाला हिने पाकीट ताम्हनात ठेवलं आणि ‘अगं, अगं’ म्हणेपर्यंत बोटाने हळदकुंकू वाहिलंसुद्धा. नशीब, वर प्लॅस्टिक आहे. कुंकू पडलं ते कार्डावरच्या दुसऱ्या पाचाच्या उघड्या बाजूला, बरोबर दोन ठिकाणी. लांबून बघितलं तर आता 58 दिसतं.

मी ते अजून पुसलेलं नाही.